घरी ‘आउटरन’चे बैठे कॅबिनेट : सुटे भाग कोठून आणि कोणत्या क्रमाने घ्यावेत?

सुकाणू (पुणे)

नमस्कार. सेगा कंपनीचा ‘आउटरन’ हा १९८६ सालचा मोटारीचा खेळ घरी, खुर्चीत बसून, खऱ्या स्टीअरिंगवर खेळता यावा अशी माझी फार जुनी इच्छा आहे आणि या वर्षी मी ते काम हाती घेतले आहे. यू सुझुकी यांनी घडवलेल्या या खेळाचे डिलक्स कॅबिनेट, म्हणजे आर्केडमधील (नाणे टाकून खेळायच्या दालनातील) यंत्राचा पूर्ण सांगाडा, वळणावर खेळणाऱ्यासह डावी-उजवीकडे हलत असे. ती हालचाल मला घरात नको आहे. न हलणारी साधी बैठी रचना मला पुरेशी आहे. मूळ यंत्र परदेशातून आणण्याचा विचार वाहतूक, सीमाशुल्क आणि जागा या तिन्ही कारणांनी मी सोडून दिला आहे, म्हणून सगळे भाग येथे जमवून कॅबिनेट नव्याने बांधायचे आहे.

खेळ आधी ठरवला याचा मला मोठा फायदा झाला. ‘आउटरन’ला लागते ते इतकेच : एक स्टीअरिंग, ॲक्सिलरेटर, ब्रेक, ‘लो’ आणि ‘हाय’ अशा दोनच जागा असलेला गिअर आणि स्टार्टचे बटण. गाडी सुटण्याआधी रेडिओवर तीनपैकी कोणते गाणे लावायचे हेसुद्धा स्टीअरिंग फिरवूनच निवडायचे असते. याउलट ‘हार्ड ड्रायव्हिन’ या १९८९ च्या अटारीच्या खेळाला क्लच, चार गिअर आणि गाडी सुरू करायची किल्लीदेखील होती. तो खेळ निवडला असता तर भागांची यादी दुप्पट झाली असती. ज्यांना एकाच कॅबिनेटवर सगळे खेळ चालवायचे आहेत त्यांचा मी आदर करतो, पण माझ्या मते कॅबिनेट एका खेळाचे असावे आणि बाकीचे खेळ त्यावर जमले तर जमावेत.

खेळ ‘कॅननबॉल’ या मुक्त प्रणालीवर चालवणार आहे. तिच्यासाठी मूळ यंत्रातील रॉमच्या (खेळ साठवलेल्या चिपांच्या) फायली लागतात आणि त्यांचा हक्क सेगाचा आहे, म्हणून कृपया या धाग्यावर त्या कोणी मागू किंवा देऊ नयेत.

आता माझी अडचण सांगतो. बुधवार पेठेत पोटेन्शिओमीटर (दांडी फिरवली की रोध बदलणारा भाग) घेतला, जुन्या बाजारातून मारुती ८०० चे स्टीअरिंग आणले आणि एका पट्टीवर दोन्ही थेट जोडून पाहिले. स्टीअरिंग फिरले, पडद्यावर आकडेही बदलले, पण दोन दिवसांत पोटेन्शिओमीटरची दांडी डुगडुगू लागली आणि चाक मध्यावर सोडले तरी आकडा स्थिर राहीना. शिवाय मध्याजवळ गाडी जवळजवळ वळतच नाही आणि एका टोकाकडे गेली की एकदम झेप घेते. असे का होते आणि नेमके काय विकत घ्यावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

ओहम (मुंबई)

आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत.

झेप घेण्याचे कारण बहुधा पोटेन्शिओमीटरच्या जातीत आहे. दुकानात फक्त ‘व्हॉल्यूम कंट्रोल’ असे सांगितले की पुष्कळदा लॉगॅरिदमिक जातीचा तुकडा हातात पडतो, कारण आवाज कमी-जास्त करायला तोच योग्य असतो. त्याच्या पाठीवर आकड्याआधी ‘ए’ अक्षर असते. आपल्याला ‘बी’ अक्षराचा, म्हणजे सरळ रेषेत बदलणारा हवा. सेगाच्या जुन्या यंत्रांत ५ किलो-ओहमचे पोटेन्शिओमीटर असत, पण आपण आर्डुइनो या लहान नियंत्रक बोर्डाने वाचणार असाल तर ५ आणि १० यांत काहीच फरक पडत नाही. दोन्ही टोकांना ५ व्होल्ट आणि ग्राउंड जोडल्यावर मधल्या पायावर येणारा विद्युतदाब हा केवळ गुणोत्तरावर ठरतो. घरी नेण्यापूर्वी दुकानातच मल्टिमीटर लावून पाहावे. दांडी बरोबर मध्यावर असताना मधला पाय दोन्ही टोकांशी जवळजवळ सारखाच रोध दाखवत असेल तर तो सरळ रेषेचा आहे.

डुगडुगण्याचे कारण यांत्रिक आहे. पोटेन्शिओमीटरची दांडी बोटांनी फिरवण्यासाठी केलेली असते. तिच्यावर चाकाचे वजन आणि दोन हातांचा जोर कधीही येऊ देऊ नये. चाक स्वतंत्र दांड्यावर, दांडा दोन बेअरिंगांवर, आणि पोटेन्शिओमीटर त्या दांड्याच्या मागच्या टोकाला लवचिक कपलिंगने जोडलेला असावा, म्हणजे तो फक्त फिरतो, भार उचलत नाही.

आर्डुइनो घेताना ‘उनो’ घेऊ नये. ‘लिओनार्डो’ किंवा ‘प्रो मायक्रो’ घ्यावा, कारण त्यातील ३२यू४ ही चिप संगणकाला स्वतःच जॉयस्टिक म्हणून ओळख देऊ शकते. रास्पबेरी पाय या लहान संगणकाच्या पिनांवर ॲनालॉग, म्हणजे सलग कमी-जास्त होणारा, विद्युतदाब वाचता येत नाही, तेव्हा संगणक म्हणून पाय वापरलात तरी स्टीअरिंग आणि पेडल वाचायला आर्डुइनो लागेलच.

वंगण (पिंपरी)

बेअरिंगच्या बाबतीत मी सांगू शकतो, कारण माझे रोजचे काम यंत्रशाळेत आहे. यूसीपी २०४ या नावाचे पिलो ब्लॉक बेअरिंग मागावे. त्यात २० मिलिमीटरचा दांडा बसतो, खाली दोन बोल्टांची बैठक असते आणि आत किंचित कलण्याची सोय असल्याने लाकडी चौकट थोडी वाकडी झाली तरी दांडा अडकत नाही. असे दोन घ्यावेत. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ते सहज मिळतात. दांड्यासाठी ब्राइट बार (नेमक्या मापाची गुळगुळीत सळई) मागावा. काळी सळई घेतली तर ती बेअरिंगमध्ये जातही नाही आणि तासून घालावी लागते.

दोन बेअरिंगांमध्ये किमान वीतभर अंतर ठेवावे. अंतर कमी ठेवले की चाकाच्या कडेला लावलेला जोर बेअरिंगवर उलट्या तरफेसारखा येतो आणि चाक हातात हलल्यासारखे वाटते. चांगल्या कॅबिनेटचे चाक धरताच कळते ते यामुळेच, मोटर किंवा पडदा यांच्यामुळे नव्हे.

चाक मध्यावर परत येण्यासाठी दांड्याला एक आडवी पट्टी वेल्ड करावी आणि तिच्या दोन्ही टोकांना दुचाकीच्या मधल्या स्टँडच्या स्प्रिंगा ताणून लावाव्यात. नाना पेठेत त्या कोणत्याही स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतील. दोन्ही एकाच गाडीच्या आणि नव्या घ्याव्यात. एक जुनी आणि एक नवी लावली तर मध्य सरकतो. फिरण्याची हद्द ठरवायला रबरी बफर असलेले लोखंडी अटकाव आवश्यक आहेत. मुले चाक पूर्ण जोराने फिरवतात आणि अटकाव नसेल तर तो जोर पोटेन्शिओमीटरच्या आतल्या अटकावावर येऊन तो पहिल्याच दिवशी तुटतो.

रंधा (नाशिक)

मला मूलभूत शंका आहे. लॉजिटेक जी२९ सारखे तयार चाक, त्याचे पेडल आणि आतली मोटर हे सगळे एकत्र मिळते आणि वापरलेलेही विकायला येते. मग एवढा खटाटोप कशासाठी? मी माझ्या कॅबिनेटात तेच बसवले आणि चार वर्षे ते चालू आहे.

सुकाणू

हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर बराच विचार केला. जी२९ चे चाक ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरते, तर आर्केडमधल्या चाकांचा फेरा साधारण २७० अंशांचा असे. सॉफ्टवेअरमधून तो कमी करता येतो हे खरे आहे, पण तेव्हा शेवटचा अटकाव हा मोटरच्या जोराने आलेला अटकाव असतो आणि त्याच्यापुढे चाक रेटता येते. मला चाक लोखंडावर थांबलेले हवे आहे. दुसरे म्हणजे पंधरा वर्षांनी त्याची मोटर किंवा सर्किट गेले तर तो भाग मिळेल याची मला खात्री नाही, पण २० मिलिमीटरचे बेअरिंग आणि स्प्रिंग तेव्हाही मिळतील.

तरीही ज्यांना सहा महिन्यांच्या आत खेळायला बसायचे आहे त्यांनी आपलाच मार्ग घ्यावा असे मी मनापासून सांगेन.

ओहम

मोटरचा विषय निघालाच आहे म्हणून एक इशारा देतो. हौशी मंडळी फोर्स फीडबॅकसाठी, म्हणजे खेळानुसार चाकावर हाताला जोर जाणवावा म्हणून, गाडीच्या वायपरची मोटर आणतात, कारण ती स्वस्त असते, १२ व्होल्टवर चालते आणि ताकदवान असते. मीही आणली होती. तिच्या आत वर्म गिअर असतो आणि वर्म गिअर उलट दिशेने फिरत नाही, म्हणजे मोटर चाकाला फिरवू शकते, पण हाताने चाक फिरवून मोटर फिरवता येत नाही. मोटर बंद असताना चाक कुलूप लावल्यासारखे घट्ट बसते. फोर्स फीडबॅकसाठी पट्ट्याने जोडलेली, गिअर नसलेली डीसी मोटर आणि बीटीएस७९६० सारखा मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारे सर्किट) हाच योग्य मार्ग आहे.

पण ‘आउटरन’ला याची गरज आहे का, हे पाहावे. त्याच्या उभ्या कॅबिनेटात गाडी रस्त्याबाहेर गेली की चाक थरथरत असे, एवढेच. तेवढ्यासाठी एका लहान मोटरच्या दांडीवर एका बाजूला वजन बसवून ती स्टीअरिंगच्या पट्टीला घट्ट बांधली तर काम होते.

स्टीअरिंगसाठी पोटेन्शिओमीटर नकोच असेल तर एएस५६०० हा चुंबकीय सेन्सर पाहावा. त्याला काहीही घासत नाही, म्हणून तो झिजत नाही आणि एका फेऱ्याचे ४०९६ भाग तो ओळखतो. दांड्याच्या टोकावर चकतीसारखे लहान चुंबक चिकटवून त्याच्यासमोर एक-दोन मिलिमीटरवर सेन्सर ठेवायचा असतो. मात्र चुंबक विशिष्ट जातीचे लागते : नेहमीच्या चकतीचे ध्रुव वरच्या आणि खालच्या सपाट बाजूंवर असतात, या चकतीचे ध्रुव डाव्या आणि उजव्या अर्ध्यात असतात. ओळखायची रीत सोपी आहे. चकती होकायंत्राशेजारी सपाट ठेवून जागच्या जागी फिरवावी. तिच्याबरोबर सुई फिरली तर ते चुंबक योग्य आहे, सुई हलली नाही तर ते परत करावे.

समुद्रकाठ (रत्नागिरी)

लाकडाबद्दल एक अनुभव लिहितो. माझे पहिले कॅबिनेट मी १८ मिलिमीटरच्या एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे) केले होते, कारण ते सपाट असते, कापल्यावर कडा गुळगुळीत येते आणि रंग सुंदर बसतो. पहिला पावसाळा कसाबसा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात जमिनीला टेकलेली कडा पावासारखी फुगली, बेअरिंगच्या बैठकीचे स्क्रू सैल झाले आणि एकदा फुगलेले एमडीएफ वाळल्यावर पूर्ववत होत नाही. आता मी आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लायवूड वापरतो. खालची चौकट ४० मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी पाइपची केली आहे आणि तिच्याखाली रबरी पाय लावून सगळे लाकूड जमिनीपासून दोन इंच वर उचलले आहे. वाळवीच्या दृष्टीनेही ते बरे पडते.

पुण्याच्या कोरड्या हवेत एमडीएफ चालेल, पण स्टीअरिंगची बैठक मात्र तेथेही प्लायवूडचीच असावी आणि स्क्रूऐवजी आरपार बोल्ट, मागे मोठे वॉशर असे बसवावे.

रंधा

याला माझी पुस्ती. काम सुरू करण्यापूर्वी घराच्या प्रत्येक दाराची मोकळी रुंदी मोजावी, तीही दाराची फळी उघडी असताना चौकटीच्या आतून. माझे कॅबिनेट गच्चीवर पूर्ण झाले आणि खोलीच्या दारातून पाऊण इंचाने गेले नाही. शेवटी बाजूची फळी उभी कापून पुन्हा जोडावी लागली आणि तो सांधा आजही दिसतो. बैठक आणि पुढचा भाग वेगळा करून ते आठ मिलिमीटरच्या चार बोल्टांनी जोडावेत, विजेच्या तारांना त्या सांध्यावर प्लग-सॉकेट द्यावेत, म्हणजे घर बदलतानाही दोन माणसे ते उचलू शकतात.

हडसनकाठ (न्यू जर्सी)

मी येथून मूळ भाग आणण्याबद्दल थोडे लिहू शकते. अमेरिकेत आर्केडचे जुने स्टीअरिंग, पेडलचे संच आणि गिअरचे दांडे वापरलेले मिळतात आणि मी दोनदा ते सामानातून मुंबईत आणले आहेत. भाग उत्तम होते, पण त्यांचे आटे इंचांतले असतात हे मला तेथे पोहोचल्यावर लक्षात आले. पाव इंचाच्या बोल्टावर आपल्याकडचा बीएसडब्ल्यू (ब्रिटिश मापाच्या आट्यांचा) नट चालून जातो, कारण दोन्हींत इंचाला वीस आटे असतात. अर्ध्या इंचाला मात्र अमेरिकन बोल्टावर तेरा आणि बीएसडब्ल्यूवर बारा आटे असल्याने नट दोन फेऱ्यांत अडकतो. म्हणून भागांबरोबर त्यांचे सगळे नट-बोल्टही मागून घ्यावेत.

पूर्ण कॅबिनेट आणणाऱ्यांनी विजेचा विचार आधी करावा. अमेरिकेतील यंत्रे १२० व्होल्टची आणि जपानमधील १०० व्होल्टची असतात. ती २३० व्होल्टवर थेट लावली तर पॉवर सप्लाय जळतो. आणखी एक सांगते : ‘डेटोना यूएसए’ सारख्या नंतरच्या खेळांना २४ किलोहर्ट्झचा (हा चित्राच्या आडव्या रेषा आखण्याचा वेग) मॉनिटर लागतो, १५ किलोहर्ट्झच्या जुन्या मॉनिटरवर तो खेळ दिसणार नाही. मूळ बोर्ड आणि मूळ मॉनिटर वेगवेगळ्या ठिकाणांहून घेताना हा घोटाळा हमखास होतो.

सुकाणू

मॉनिटरचाच प्रश्न आता विचारतो. घरी २१ इंची जुना रंगीत टीव्ही सुस्थितीत आहे. तो वापरावा असे फार मनात आहे.

ओहम

मलाही पिक्चर ट्यूबवरचे चित्र प्रिय आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. ‘आउटरन’चे चित्र ३२० बाय २२४ बिंदूंचे आहे आणि ते जुन्या टीव्हीच्या रेषांशी नैसर्गिकपणे जुळते. अडचण जोडणीची आहे. युरोपातील टीव्हींना स्कार्ट सॉकेट असल्याने लाल, हिरवा, निळा असे रंग स्वतंत्र देता येतात. आपल्याकडच्या बहुतेक टीव्हींना केवळ पिवळे एव्ही सॉकेट असते आणि त्यातून आलेल्या चित्रात लाल रंग कडेला पसरतो. नायकाची गाडीच लाल आहे, तेव्हा ते डोळ्याला लागते. टीव्हीच्या आतील चिपला रंगांचे संकेत थेट देता येतात, पण २१ इंची ट्यूबच्या ॲनोडवर २० हजार व्होल्टहून अधिक दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही ट्यूबमध्ये भार शिल्लक राहतो. ज्याने हे काम कधी केलेले नाही त्याने नुसते व्हिडिओ पाहून पाठचे झाकण उघडू नये. जुना टीव्ही मेकॅनिक अजून काम करत असेल तर त्याच्याकडूनच करून घ्यावे.

एलसीडी घ्यायचा झाल्यास आकाराकडे लक्ष द्यावे. कार्यालयांतून निघालेले १७ आणि १९ इंची चौकोनी मॉनिटर ४:३ चे समजून विकले जातात, पण १२८० बाय १०२४ म्हणजे ५:४ होतात. त्यावर १२८० बाय ९६० चे चित्र वर-खाली काळी पट्टी सोडून दाखवावे, ताणून भरू नये. १६०० बाय १२०० चा २० इंची मॉनिटर मिळाला तर तो खराखुरा ४:३ असतो, त्याला प्राधान्य द्यावे.

वंगण

पेडलबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. भंगारातील गाडीचे ॲक्सिलरेटर पेडल घ्यावे, पण केबलवाले नको. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या अलीकडच्या गाड्यांचे पेडल केबल न ओढता विजेच्या तारांतून संकेत देते. त्याच्या सॉकेटमध्ये बहुधा सहा पिना असतात, कारण सुरक्षेसाठी आत दोन सेन्सर ठेवलेले असतात आणि प्रत्येकाला ५ व्होल्ट, ग्राउंड आणि संकेत अशा तीन तारा असतात. त्यांपैकी एकच सेन्सर आर्डुइनोला जोडला की काम होते. स्प्रिंग, घर्षण, पायाचा कोन हे सगळे मोटार कंपनीने आधीच नीट बसवून दिलेले असते. पिनांचा क्रम गाडीगणिक वेगळा असतो, तो मल्टिमीटरने तपासल्याशिवाय वीज देऊ नये. कुर्ल्याला किंवा आपल्या गावच्या भंगाराच्या दुकानात कापलेल्या वायरिंगच्या तुकड्यासह पेडल मागावे, कारण नुसते सॉकेट वेगळे शोधण्यात फार वेळ जातो.

ब्रेकला हलणारे पेडल बसवण्यापेक्षा लोड सेल लावावा, म्हणजे पाय किती खाली गेला याऐवजी किती जोराने दाबला हे मोजले जाते. त्यासाठी एचएक्स७११ हे मोड्यूल स्वस्तात मिळते. मात्र पुष्कळ मोड्यूल सेकंदाला दहाच वेळा वाचतील असे जोडलेले येतात आणि ब्रेक उशिरा लागल्यासारखा वाटतो. ‘रेट’ची पिन ग्राउंडपासून सोडवून पाच व्होल्टला जोडली की ते सेकंदाला ऐंशी वेळा वाचते.

रंधा

नाण्याची पेटी बसवणार असाल तर तुलना करणारा कॉइन ॲक्सेप्टर घ्यावा. त्याच्या आत नमुन्याचे एक नाणे अडकवून ठेवतात आणि टाकलेले नाणे त्याच्याशी जुळले तरच तो ते घेतो. पाच रुपयांची नाणी वेगवेगळ्या वजनांची आणि धातूंची चलनात असल्याने त्यांत गोंधळ होतो. दहा रुपयांचे २७ मिलिमीटरचे दोन धातूंचे नाणे त्या मानाने बरे.

सुकाणू

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत जे झाले ते नोंदवतो.

यूसीपी २०४ चे दोन बेअरिंग आणि २० मिलिमीटरचा ब्राइट बार बोहरी आळीत एकाच फेरीत मिळाले. चाकाचा मधला भाग दांड्यावर बसवण्यासाठी खरादावर एक बुश करून घेतला. दोन बेअरिंगांमध्ये नऊ इंच अंतर ठेवले. स्टँडच्या स्प्रिंगा पहिल्यांदा इतक्या ताठ निघाल्या की पाच मिनिटांत मनगट दुखू लागले, म्हणून आडवी पट्टी कापून दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच लहान केली, तेव्हा जोर बेताचा झाला. मागे ‘बी’ जातीचा १० किलो-ओहमचा पोटेन्शिओमीटर लवचिक कपलिंगने जोडला. काल रात्री आर्डुइनोवर कच्चे आकडे पाहिले : डावीकडच्या अटकावावर ९६, उजवीकडच्या अटकावावर ९२१, आणि चाक सोडल्यावर मध्य प्रत्येक वेळी ५०६ ते ५१० यांच्या आत. चाक सोडले की ते एकदाच पलीकडे जाऊन परत येते आणि थांबते. हे पाहत मी बराच वेळ जमिनीवर बसून होतो.

गिअरचा दांडा वंगण यांनी खासगी संदेशात सुचवल्याप्रमाणे केला. खिळीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ओलांडणारी स्प्रिंग लावली, त्यामुळे दांडा मध्ये कुठेही न थांबता ‘लो’ किंवा ‘हाय’कडे खटकन जातो आणि ‘हाय’च्या टोकाला रोलर असलेला एक मायक्रोस्विच दाबतो. एकच स्विच पुरतो.

टीव्ही उघडायचा नाही असे ठरवले आहे. २० इंची ४:३ मॉनिटर शोधतो आहे. खोलीच्या दाराची मोकळी रुंदी साडेएकोणतीस इंच भरली, म्हणून कॅबिनेटची बाहेरची रुंदी सव्वीस इंच धरून प्लायवूडचा नकाशा काढायला घेतला आहे. ॲक्सिलरेटर पेडलसाठी येत्या रविवारी जुन्या बाजारात जाणार आहे. मला सहा पिनांचे हवे आहे. तेथून कोणाला आणखी काही पाहून हवे असेल तर शनिवार रात्रीपर्यंत येथे मापासह लिहावे.